जिल्हा दिसावा म्हणून

वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्याला एक सवय जडते. बातमी दिसली की ती इथे का ठेवली, एवढी मोठी का, तिच्या शेजारी हीच का, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. पहिल्या पानावर वरच्या अंगाला असलेली बातमी कुणीतरी विचार करून तिथे ठेवलेली असते, आणि सकाळी वाचकाने फोन करून जाब विचारला तर त्याला उत्तर द्यावं लागतं. गोंदियात एका प्रादेशिक दैनिकाची जिल्हा प्रतिनिधी म्हणून काम करताना समाजमाध्यम माझ्या रोजच्या कामात शिरलं, तेव्हा ही सवय घेऊनच मी त्याच्यापुढे बसले. तिथलंही पान कुणीतरी लावत होतं. माझ्यासाठी एक, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यासाठी दुसरं. जाब कुणाला विचारायचा, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग ते पान आपणच का लावू नये, असं वाटलं. त्यातून ब्राउझर एक्स्टेन्शन्सशी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमांशी, ओळख झाली आणि आज ती माझ्या कामाची हत्यारं आहेत.

हे काम काय असतं ते आधी सांगायला हवं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तालुके आठ. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली. शहराच्या बाजारपेठेत हिंदी चालते, खेड्यांत पोवारी आणि झाडीबोली, सालेकसा-देवरीच्या डोंगराकडे गोंडी. आणि लिहिताना लोक मराठी, हिंदी, रोमन लिपी, जे हाताला येईल ते वापरतात. वार्ताहर थोडे, गावं पुष्कळ. त्यामुळे एखाद्या गावातल्या पोराने टाकलेली दोन ओळींची पोस्ट ही कित्येकदा बातमीची पहिली खूण असते. धान खरेदी केंद्रावर बारदाना (पोती) संपला. पुजारीटोला धरणाचे दरवाजे उघडले, नाल्यावरून पाणी चाललंय. रोवणी झाली पण मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ फुटली. परसवाड्याकडे सारसांची जोडी दिसली. अशी पोस्ट सापडली की फोन लावायचा, दोन ठिकाणी खातरजमा करायची, वार्ताहराला पाठवायचं, मग बातमी. पोस्ट सापडलीच नाही तर ते गाव त्या दिवशी आमच्या पानावर नसतं.

हत्ती आले त्या दिवसांत हे मला लख्ख दिसलं. छत्तीसगडमधून २०२१ मध्ये गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप २०२२ च्या पावसाळ्यानंतर आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात उतरला. धान लोंबीवर आलेला, कापणी तोंडावर. कळप रात्री कोणत्या बाजूने निघाला, सकाळी कोणत्या गावाजवळ आहे, हे कळणं लोकांसाठी जिवाचा प्रश्न होता. इकडच्या पिढ्यांनी बिबट्या पाहिलेला, वाघ पाहिलेला. रानटी हत्ती शेतात आल्यावर काय करायचं हे कुणाच्या आजोबांनी सांगितलेलं नव्हतं. मी हत्तींच्या काही चित्रफिती उघडून पाहिल्या आणि माझं फीड हत्तींनी भरून गेलं. आसामचे, केरळचे, आफ्रिकेतले, पिल्लाला आंघोळ घालणारे, जीप उलटवणारे. त्या सगळ्या गर्दीत अर्जुनीकडचा एखादा शेतकरी लिहायचा, ‘रातच्यानं बांधीत आले जी, धान पुरं तुडवलं.’ खाली फोटो, चिखलात उमटलेला भलामोठा पाय. ती पोस्ट माझ्यापर्यंत पोचायची तेव्हा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झालेली असायची आणि कळप चार गावं पुढे गेलेला असायचा. मला हत्तींची आवड आहे असं यंत्राने धरलं होतं. मला हवा होता अर्जुनी मोरगाव तालुका, आणि तोही आजचा.

तेव्हा कॉलेजातले दिवस आठवले. गोंदियाच्या सायबर कॅफेत आम्ही मैत्रिणी तासाचे पैसे भरून ऑर्कुट उघडायचो. तिथला एक वर्गमित्र फायरफॉक्समध्ये ‘ग्रीजमंकी’ नावाचं काहीतरी टाकून ऑर्कुटचा निळा रंग बदलून दाखवायचा, सगळ्यांच्या स्क्रॅपबुकात एकदम शुभेच्छा पाठवायचा. आम्हाला ती जादू वाटायची. ग्रीजमंकी हे ॲरन बूडमन या प्रोग्रॅमरने २००४ मध्ये केलेलं एक्स्टेन्शन. कुठल्याही वेबपानावर आपली छोटी स्क्रिप्ट चालवायची सोय ते देतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, पण त्या कॅफेत कळलेली गोष्ट डोक्यात राहिली होती: पान दुरून कुठूनतरी येत असलं तरी ते प्रत्यक्ष रंगवतो आपल्या टेबलावरचा ब्राउझर. आणि ब्राउझर आपलं ऐकतो.

म्हणून कार्यालयातल्या जुन्या संगणकावर फायरफॉक्सची वेगळी प्रोफाइल केली आणि सुरुवात क्रमापासून केली. फेसबुकचं न्यूज फीड सप्टेंबर २००६ मध्ये आलं. पुढे त्यातला क्रम वेळेवरून ठरेनासा झाला आणि आपण काय पाहू, कशाला प्रतिसाद देऊ याच्या अंदाजावरून ठरू लागला. जुलै २०२२ मध्ये कंपनीने ‘फीड्स’ नावाची वेगळी खिडकी दिली. त्यात आपण जोडलेल्या लोकांच्या, पानांच्या आणि गटांच्या पोस्ट नव्यापासून जुन्यापर्यंत सरळ लागतात. सोय चांगली, पण साइट उघडली की आधी येतं ते मुख्य पान, आणि कामाच्या घाईत माणूस तिथेच थांबतो. ‘रिडायरेक्टर’ नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये एक नियम लिहिला: मुख्य पानाचा पत्ता आला की त्याजागी थेट वेळेच्या क्रमाचं पान उघड. एका ओळीचा नियम. पण सकाळी चहाचा कप ठेवून मी पाहते तेव्हा वर असतं ते काल रात्री उशिरा आणि आज पहाटे जिल्ह्यात कुणी काय लिहिलं ते.

दुसरं काम गावांच्या नावांचं. ‘व्हायलेंटमंकी’ हे ग्रीजमंकीच्याच वळणाचं मुक्तस्रोत एक्स्टेन्शन आहे. त्यात एक स्क्रिप्ट केली. ज्या पोस्टमध्ये आमच्या जिल्ह्यातलं गाव असेल तिच्याभोवती ती पिवळी चौकट काढते. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या तालुक्यांत गोरेगाव आहे, आणि मुंबईतही गोरेगाव आहे. पहिल्या सकाळी चौकटी उजळल्या त्या लोकलच्या खोळंब्याच्या आणि फ्लॅटच्या जाहिरातींच्या. मग अट घातली: गोरेगावबरोबर गोंदिया, तालुका किंवा आजूबाजूच्या गावाचं नाव असेल तरच चौकट. अर्जुनी दोन आहेत, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. लोक नुसतं ‘अर्जुनी’ लिहितात, ‘अर्जुनी/मोर.’ लिहितात. तिरोडा रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, गोंदियाचंही तसंच. ही यादी करत बसले तेव्हा जिल्ह्याचा नकाशा मी नव्याने वाचला, असं म्हणायला हरकत नाही. सालेकशाच्या वार्ताहराकडून टोल्यांची, म्हणजे छोट्या वस्त्यांची, नावं घेतली, कारण तिकडची माणसं ग्रामपंचायतीचं नाव लिहीत नाहीत, टोल्याचं लिहितात. ही नावं कुठल्याही तयार साधनात मिळाली नसती, आणि ती ज्याला माहीत आहेत त्यानेच ती भरायची असतात.

तिसरं साधन ‘यूब्लॉक ओरिजिन’. रेमंड हिल यांनी ते २०१४ मध्ये सुरू केलं. जगभर एवढं वापरलं जाणारं साधन, पण हिल त्यासाठी देणगी घेत नाहीत. लोक त्याला जाहिराती अडवणारं साधन म्हणून ओळखतात. मला त्याची दुसरी बाजू जास्त उपयोगी पडली. त्यात एक ड्रॉपर आहे. तो पानावरच्या नको त्या भागावर टेकवायचा, की तो भाग कसा ओळखायचा याचा नियम तयार होतो आणि पुढच्या वेळी तो भाग दिसत नाही. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ची पट्टी, आपोआप चालणारे रील्स, उजवीकडचा रकाना, सगळं एकेक करून गेलं. पान मोकळं झालं आणि पोस्टमधला मजकूर वाचायला जागा झाली. त्यातच एक सोय आहे, ठरावीक आकारापेक्षा मोठे फोटो आणि चित्रफिती आपण म्हणेपर्यंत उतरवायच्याच नाहीत. मूळची मर्यादा ५० केबी. दरेकशाकडे किंवा केशोरीच्या भागात लॅपटॉप घेऊन बसलं की या सोयीचं मोल कळतं. नेटवर्कची एक काडी असताना मजकूर आधी येतो, आणि ज्या फोटोची गरज आहे तेवढ्यावरच बोट ठेवायचं.

पण माझ्या कामाला खरं वळण लावलं ते आकडे लपवण्याने. बेन ग्रोसर या अमेरिकन कलावंताने २०१२ मध्ये ‘फेसबुक डीमेट्रिकेटर’ नावाचं एक्स्टेन्शन केलं होतं. पानावरचे सगळे आकडे ते काढून टाकायचं. किती लोकांना आवडलं, किती प्रतिक्रिया, किती वेळा पुढे पाठवलं, काही नाही. नुसतं लोकांना हे आवडलं, एवढंच. ही कल्पना वाचली आणि मी माझ्या पानावर नजर ठेवून पाहिलं. माझा डोळा पोस्टच्या मजकुरावर जाण्याआधी खालच्या आकड्यावर जात होता. मोठा आकडा दिसला की वाचायचं, छोटा असला की पुढे. वर्षानुवर्षं बातमी निवडणारी मी, आणि निवड अशी चालली होती. मग पानाचं रंगरूप बदलणाऱ्या ‘स्टायलस’ या एक्स्टेन्शनमध्ये चार ओळी लिहून आकडे घालवले.

पहिले काही दिवस चुकल्यासारखं झालं. मग वाचणं संथ झालं. धान खरेदीचा हंगाम होता. २०२३-२४ ला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये होता. एका टोल्यावरच्या शेतकऱ्याच्या मुलाने फोटो टाकला होता. उघड्यावर धानाची रास, वर ताडपत्री, मागे आभाळ भरलेलं, आणि खाली रोमन लिपीत एवढंच की केंद्रावर बारदाना नाही, या म्हणतात, परत जा म्हणतात. आकडा असता तर तो लहानच असता, कारण त्या पोराच्या ओळखीचे लोकच थोडे. मी फोन लावला. वडिलांनी घेतला. ‘ताई, मोजून देतो म्हणतेत, पोतंच नाही जी. आता पाणी आलं त काय करू, व्यापाऱ्याला देऊन टाकीन.’ व्यापारी काय भाव देतो हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. बातमी लागली, आणि त्या दिवशी आणखी काही केंद्रांवरून तशाच तक्रारींचे फोन आले. ज्याचा गोतावळा मोठा त्याचं दुःख मोठं दिसतं आणि डोंगराकडच्या टोल्यावरच्या माणसाचं बारीक, हा हिशेब मला मान्य नाही. तो हिशेब पानावरून काढता येतो हे कळल्यावर मी तो काढला आणि परत आणला नाही.

तारखांचं प्रकरण इतकं सहज सुटलं नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि गोंदिया-भंडाऱ्याची नदीकाठची गावं पाण्यात गेली. त्या पुराच्या चित्रफिती दर पावसाळ्यात पुन्हा फिरतात. पाठवणारे घाबरलेले असतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. काठावरच्या गावात रात्री पाऊस वाजू लागला की माणूस मिळेल ते पुढे पाठवतो. आपल्याला पोस्टची मूळ तारीख पाहावी लागते. पोस्टवर ‘२ ता.’ किंवा ‘३ दि.’ असं लिहिलेलं असतं, त्यावर माउस धरला की पूर्ण तारीख-वेळ दिसते. ती कायमची उघडी दिसावी म्हणून स्क्रिप्ट लिहायला बसले तेव्हा कळलं की पडद्यावर सरळ दिसणारी ती अक्षरं पानाच्या आतल्या मजकुरात उलटीसुलटी पेरलेली आहेत, मध्ये न दिसणारी अक्षरं घुसवून. ‘प्रायोजित’ या खुणेचंही तसंच केलेलं असतं, म्हणजे जाहिराती ओळखणाऱ्या साधनांना ती सापडू नये. तारखेसाठी मी अजून हातानेच माउस धरते. जुन्या चित्रफितींसाठी एक वही आहे: पुलाची कमान, देवळाची पायरी, होर्डिंगवरचं नाव, अशा ओळखीच्या खुणा लिहिलेली. तिथे एक्स्टेन्शनचं काम नाही.

एक सोस मात्र पुरा केला. संगणकावर मराठी मजकूर बऱ्याचदा हिंदी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ने दिसतो. स्टायलसमध्ये एक ओळ लिहून फेसबुकची साइट मराठी वळणाच्या फॉन्टात आणली. पाकळीचा ल, देठाचा श. दिवसभर वाचायचं तर ते आपल्या अक्षरात वाचावं. डोळ्याला बरं वाटतं, बाकी काही नाही.

हे सगळं एकदा करून ठेवलं की चालतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. साइटचा पोटातला आराखडा सतत बदलतो. घटकांची नावं यंत्राने ठेवलेली निरर्थक अक्षरं असतात. आज एक, पुढच्या महिन्यात दुसरी. नियम त्या नावांवर बांधला तर तो एक दिवस गप्प होतो आणि लपवलेली पट्टी परत हजर. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. दृष्टिहीन वाचकांच्या स्क्रीन रीडरसाठी बटणांना आणि चौकटींना जी वाचून दाखवायची नावं दिलेली असतात, ती त्यामानाने टिकतात, कारण ती बदलली तर त्या वाचकांचं काम अडतं. नियम त्यांच्यावर बांधायचा. पण ती नावं साइट ज्या भाषेत लावली असेल त्या भाषेत असतात. इंटरनेटवर मिळणारे तयार नियम इंग्रजी पानासाठी लिहिलेले. माझं पान मराठीत. म्हणून ते एकेक उघडून, मराठी नावं घालून, नव्याने लिहावे लागले. त्या निमित्ताने मी सीएसएस, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा, शिकले. रात्री आवृत्ती गेल्यावर कार्यालय रिकामं असायचं तेव्हा बसायचे. कुणी शिकवायला नव्हतं. दुसऱ्यांचे नियम वाचायचे, एखादी ओळ काढून पाहायची, काय बिघडतं ते बघायचं. पत्रकारितेच्या नोकरीत मी जे काही शिकले त्यातलं हे शिकणं मला फार प्रिय आहे.

शिकताना सीएसएसचा इतिहास हाताला लागला आणि तो वाचून मी खुर्चीत सरळ बसले. होकोन वियुम ली यांनी १९९४ मध्ये ही पद्धत सुचवली, १९९६ च्या डिसेंबरात ती प्रमाण म्हणून आली. पान कसं दिसावं हे लेखक सांगेल, आणि वाचकही सांगेल, आणि दोघांच्या इच्छांचा मेळ ब्राउझर घालेल, ही त्यातली मूळची कल्पना. दोघांनीही ‘हे महत्त्वाचं’ असा शेरा मारला तर कुणाचं चालायचं? पहिल्या आवृत्तीत लेखकाचं चालायचं. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम मुद्दाम उलटा केला आणि निर्णय वाचकाच्या हाती दिला, कारण कमी दिसणाऱ्याला अक्षर मोठं करता आलंच पाहिजे. पुढे ब्राउझरांनी वाचकाची ही सोय हळूहळू आत लोटली. क्रोमने २०१४ मध्ये ती काढूनच टाकली. एक्स्टेन्शन्सनी ती परत आणली आहे. मी स्टायलसमध्ये जेव्हा एखादी ओळ लिहिते तेव्हा कुणाच्या घरात घुसून काही फोडत नाही. वेबच्या पायातच वाचकासाठी ठेवलेली जागा वापरते.

ही जागा सगळ्यांना मान्य नाही, हेही तितकंच खरं. लुई बार्कली या ब्रिटिश तरुणाने ‘अनफॉलो एव्हरीथिंग’ नावाचं एक्स्टेन्शन केलं. मैत्री न तोडता सगळ्यांना एकदम अनफॉलो करायचं, म्हणजे फीड रिकामं होतं आणि ज्याला पाहायचं त्याच्या पानावर आपण होऊन जायचं. २०२१ मध्ये फेसबुकने त्याला कायदेशीर नोटीस दिली, त्याची खाती कायमची बंद केली, आणि त्याने ते साधन मागे घेतलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांचीही खाती बंद झाली. त्यांच्या एक्स्टेन्शनमधून लोक स्वखुशीने आपल्याला दिसणाऱ्या राजकीय जाहिरातींची माहिती देत होते. फेसबुकचं म्हणणं होतं की यातून इतरांच्या खासगीपणाला आणि कंपनीच्या नियमांना धक्का लागतो. मे २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे इथन झकरमन बार्कलीसारखंच साधन करण्याचा हक्क मागायला अमेरिकेच्या न्यायालयात गेले. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी दावा काढून टाकला, पण साधन अजून तयारच नाही, ते झाल्यावर पुन्हा येता येईल, अशी वाट ठेवून. मुख्य प्रश्न निकालात निघालेला नाही. मला त्याचा निकाल हवा आहे. गोंदियातल्या एका बातमीदाराला अमेरिकेतल्या खटल्याची काळजी वाटावी हे कुणाला विचित्र वाटेल, पण माझी सकाळ त्यावर अवलंबून आहे.

एक प्रश्न मला सहकारी विचारतात आणि तो योग्य आहे. तूही लपवतेसच ना? यंत्र लपवत होतं, आता तू. फरक आहे तो असा की माझी नियमांची फाइल साध्या मजकुरात आहे. तिच्यातल्या प्रत्येक ओळीवर मी टीप लिहिली आहे, हे का लपवलं, कोणत्या महिन्यात. कुणीही उघडून वाचावी आणि वाद घालावा. घातलेही आहेत. राजकीय सभांच्या थेट प्रक्षेपणांच्या पट्ट्या मी घालवल्या होत्या, निवडणुकीत उपसंपादकांनी त्या परत आणायला लावल्या. त्यांचं बरोबर होतं.

सावधगिरीची बाजू मी नव्या मुलांना सगळ्यात आधी सांगते. एक्स्टेन्शन टाकताना ब्राउझर विचारतो, याला सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू देऊ का? घाईत ‘हो’ दाबलं जातं. ‘स्टायलिश’ नावाचं एक्स्टेन्शन असंच लोकप्रिय होतं, पानांचे रंगरूप बदलणारं, निरुपद्रवी. मालकी बदलली, आणि जुलै २०१८ मध्ये रॉबर्ट हीटन या प्रोग्रॅमरने दाखवून दिलं की ते वापरणाऱ्याने कोणकोणती पानं उघडली त्याची सगळी जंत्री बाहेर पाठवत आहे. फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही ते तेव्हा काढलं. मी वापरते ते स्टायलस त्याच्याच जुन्या, स्वच्छ कोडमधून लोकांनी वेगळं काढलेलं आहे. बातमीदाराच्या ब्राउझरात काय असतं याचा विचार करावा. गावातल्या ज्या माणसाने सरपंचाविरुद्ध कागद दिला त्याचं नाव असतं. सारसाचं घरटं कोणत्या बांधीत आहे ते असतं, आणि ही जागा बाहेर कळली तर अंडी जातात. म्हणून ज्याचा कोड उघडा आहे तेवढंच टाकायचं, कमीत कमी टाकायचं, समाजमाध्यम एका प्रोफाइलमध्ये आणि मेल-कागदपत्रं दुसऱ्या. एखादं एक्स्टेन्शन विकलं गेल्याची बातमी आली तर त्याच दिवशी काढायचं, मग ते कितीही आवडतं असो. २०२४-२५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्याने बंद केली आणि त्यात मूळचं यूब्लॉक ओरिजिनही गेलं; आमच्या कार्यालयात त्यामुळे काही अडलं नाही, कारण आम्ही आधीच फायरफॉक्सवर होतो.

मला अस्वस्थ करणारी मर्यादा वेगळीच आहे. हे सगळं ब्राउझरात चालतं. आमच्या जिल्ह्यातला माणूस समाजमाध्यम पाहतो ते फोनवर, आणि फोनवरच्या ॲपमध्ये. ॲपमध्ये वाचकाला काही जोडता येत नाही, काही काढता येत नाही. जे पान लावून येईल ते. बारदान्याची पोस्ट टाकणारा मुलगाही ॲपच वापरतो. त्याच्या शेजारच्या गावात तीच अडचण असलेला दुसरा मुलगा त्याला कधी दिसेल, हे त्या दोघांच्या हातात नाही. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ पासून एक्स्टेन्शन्स मोकळेपणाने टाकता येतात. साइट ॲपऐवजी त्या ब्राउझरात उघडली तर माझे बरेचसे नियम थोड्या बदलाने चालतात. मी वार्ताहरांच्या बैठकीत हे करून दाखवलं. काहींनी टाकलं, काहींना ॲपची सवय सोडवली नाही, आणि त्यात मला नवल वाटत नाही, कारण ॲप पटकन उघडतं.

देवरीच्या वार्ताहराने मात्र माझी फाइल मागून नेली. काही दिवसांनी त्याचा फोन आला, ‘ताई, मी तुमचे निम्मे नियम काढून टाकले, राग त नाही ना येत?’ त्याने चित्रफिती परत आणल्या होत्या, कारण त्याच्या भागातल्या मंडईच्या जत्रांच्या आणि दंडारीच्या खेळांच्या बातम्या चित्रफितींतूनच कळतात, लिहून कुणी टाकत नाही. छत्तीसगडच्या बाजूची गावं त्याने यादीत घातली होती. सीमेपलीकडे नातीगोती आहेत, बाजार एक आहे, आणि तिकडचे हत्ती इकडे यायला रस्ता विचारत नाहीत, असं तो म्हणाला. आकडे तसेच लपवलेले ठेवले होते. त्याची फाइल मी मागवून घेतली. सीमेपलीकडच्या गावांची यादी माझ्यात घातली, गोंडी नावांची त्याने केलेली स्पेलिंगं घातली, आणि एका टोल्याच्या नावाबद्दल आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो तिथली माणसं शेवटचं अक्षर लिहीत नाहीत, मी म्हणते लिहितात. पुढच्या आठवड्यात तिकडे जाणार आहे, तेव्हा विचारून येईन.